दिव्यांचा बोळ

वेल्डन किल्ल्याचा गोल जिना उतरता उतरता मॉरीन, म्हणजे माझ्या सासूबाई, मला म्हणाल्या, "ब्रायनी, आज एक दिवस त्या पोरीला श्वास घेऊ दे गं. आईचा रविवार आहे, पहारेकऱ्याचा नाही."

मी हसले. आमच्याकडे अशा वेळी हसायचं असतं.

मार्चअखेरचा रविवार होता, आमच्याकडे आयांचं कौतुक करायचा दिवस. हिवाळाभर बंद असलेला किल्ला त्या दिवशी पहिल्यांदा उघडतो. दाराशी प्रत्येक बाईच्या हातात डॅफोडिलच्या पिवळ्या फुलांची जुडी देतात, मुलांना खोट्या मेणबत्तीचा कंदील देतात, आणि बराकीतल्या केकपाशी सोडायच्या आधी सगळ्यांना डेस पेस्कॉडच्या हवाली करतात. डेस गोदीतून निवृत्त झालेला, मॉरीनच्या जुन्या ओळखीचा, किल्ला सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांमधला सगळ्यात बोलका माणूस. माझा नवरा रॉरी बोटीवर होता, उन्हाळा लागेपर्यंत तो यायचा नव्हता. म्हणून मी, मॉरीन आणि साडेतीन वर्षांची हेटी, अशा तिघीच आलो होतो.

"टेकडीवरच्या बाकीच्या किल्ल्यांसारखाच हाही," डेस पुढून ओरडून सांगत होता. "समुद्राकडे पाठ करून बसलाय! शत्रू मागच्या दाराने येणार, असं राणीच्या काळातल्या शहाण्यांना वाटलं. शत्रू काही आला नाही. माझ्या मेव्हण्यासारखा, येतो येतो म्हणतो आणि येत नाही. पण बांधलाय कसा, ते बघा! तट गवताखाली झाकलेला. खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, टेकडीच आहे. आणि ज्यात खरा जीव, ते दारूकोठार टेकडीच्या पोटात."

पोटात थंडी होती. विटांना पांढरा चुना फासलेला, त्यावर ओल. कोठाराच्या थोडं अलीकडे उजव्या हाताला गजांचं एक दार होतं. आडवे गज, मोठं कुलूप आणि पाटी : वटवाघळं झोपली आहेत, कृपया शांतता राखा. सगळ्यात खालचा गज गंजून गळून पडला होता. मी असल्या गोष्टी बघतेच. दुकानात शिरले की मला मांडणीच्या कडा आधी दिसतात, माल नंतर. मी गज पाहिला, हेटीचा हात घट्ट धरला आणि काही बोलले नाही.

कोठाराचं तोंड नागमोडी आहे. एक वळण, मग दुसरं, म्हणजे बाहेरची ठिणगी सरळ आत येऊ नये. आतली खोली लांब, कमानीच्या छताची, आणि तिच्या एका लांब भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर तीन खिडक्या. खिडक्यांना जाड, हिरवट काच. पलीकडे काळोख.

"ही बघा आमची राणी," डेस काचेवरून हात फिरवत म्हणाला. "दीडशे वर्षांपूर्वीची अस्सल काच. अख्ख्या टेकडीवर एवढीच उरलीय. हिला कुणी ओरखडा जरी काढला, तरी कायदा आधी माझ्या मानगुटीवर बसेल. आता सांगा, इथे दारूची पिंपं रचलेली. दिवा आत आणला तर काय होईल?"

"धडाम!" कुणाचं तरी पोर म्हणालं.

"धडाम! म्हणून दिवा आत आणायचाच नाही. या भिंतीपलीकडे एक चिंचोळा बोळ आहे. त्याची वाट वेगळी, दार वेगळं. इकडून तिकडे जायला उंदरालासुद्धा भोक नाही. दिवेवाला तिकडून यायचा, काचेमागे दिवा ठेवायचा, आणि इकडे अंधारातल्या लोकांना दिसायला लागायचं. कळलं का, छोट्या बाई?"

हेटीने मान हलवली. तिच्या लाल लोकरीच्या टोपीचा गोंडाही हलला.

"आज बोळ बंद आहे," डेस म्हणाला. "वटवाघळांचे लाड. तेव्हा आपण दुसरी गंमत करू. सगळे दिवे बंद. टॉर्च, फोन, कंदील, सगळं. मिनिटभर कुणी बोलायचं नाही. इथे राबणाऱ्यांचा अंधार कसा होता, ते बघू."

हेटीच्या कंदिलाची कळ मी बंद केली. दिवे विझले.

तसा अंधार घरात नसतो. डोळे उघडे की मिटलेले, हेही कळेना. आम्हा ब्रिटिश लोकांना गप्प उभं राहायला सांगितलं की आम्ही नोव्हेंबरमध्ये युद्धस्मारकापुढे राहतो तसे उभे राहतो. वीसेक माणसं, श्वाससुद्धा जपून. डेसचं मिनिट लांबत चाललं. हेटीने हात सोडवून घेतला. मला वाटलं, कोटाला धरून उभी राहील. मी खाली चाचपलं. कोट होता. पोर नव्हती.

तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण मिनिट संपलं नव्हतं.

"हेटी," मी कुजबुजले.

"श्श," मॉरीन म्हणाल्या.

मी वाकून हात फिरवला. कुणाची तरी पँट, कुणाची छत्री. "माफ करा," मी त्या छत्रीला म्हणाले. आणि तेवढ्यात भिंतीत उजेड आला.

पहिल्या काचेमागे पिवळट काहीतरी थरथरलं, सरकलं आणि गेलं. मग दुसऱ्या काचेमागे. लोक हसले. कुणी टाळी वाजवली. "वा डेस, झकास!"

"हे माझं नाही," डेस म्हणाला.

उजेड तिसऱ्या काचेशी थांबला. कंदील काचेमागच्या कट्ट्यावर टेकला, आणि त्याच्या वर लाल गोंडा आला, मग टोपी, मग दोन डोळे. कळ तिची तिलाच सापडली होती, आणि गळलेल्या गजाखालची फटही.

मी काचेवर दोन्ही हात आपटले. "हेटी! हेटी!"

ती दचकली. एक पाऊल मागे गेली, आणि टोपी उजेडाबाहेर पडली. डेसने माझं मनगट पकडलं. त्याने टॉर्च लावला होता, आणि त्यात त्याचा चेहरा चुन्यासारखा दिसत होता.

"ठोकू नकोस. पोरी, ऐक. ठोकू नकोस, ती मागे सरते."

"मग सरू दे. आली तशी जाईल."

"ती शेवटच्या काचेशी आहे." तो हळू बोलत होता, मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "त्याच्यापुढे विहीर आहे. तोफगोळे वर चढवायची. सरळ तटापासून खाली तळघरापर्यंत."

"कठडा?"

"होता. लाकडी. कुजला, काढला. नवा ओकचा करायचा की लोखंडी, यावर आमच्या मंडळाची दोन हिवाळे चर्चा चाललीय." त्याने ओठ पुसले. "दार बंदच असतं ना, म्हणून…"

मॉरीननी ते ऐकलं. त्यांच्या हातातली फुलं खाली पडली.

"फोडा ती काच," त्या म्हणाल्या.

"फोडतो," डेस म्हणाला. "कायदा गेला खड्ड्यात. पण अगं मॉरीन, बोटभर जाड आहे ती. एका घावात जाणार नाही. पहिल्या घावाला पोर मागे पळेल, आणि मागे काय आहे ते तुला सांगितलं. आणि फुटलीच तर तिच्या तोंडावर फुटेल."

"किल्ली?"

"फिलिपाकडे. वटवाघळांवाली. गावात. फोन इथे लागत नाही, वर जाऊन करावा लागेल." एक माणूस न सांगता जिन्याकडे पळाला. "आणि गज कापायचे म्हटले तर तो खणखणाट तिच्या पाठीमागून येणार. आवाजापासून मूल लांबच पळतं."

लाल टोपी पुन्हा उजेडात आली होती. हेटी काचेकडे बघत होती, पण माझ्याकडे नाही. ती टोपी सारखी करत होती. जीभ बाहेर काढत होती. स्वतःलाच.

मला कळलं. संध्याकाळच्या बसमध्ये आतला दिवा लागला की खिडकीत रस्ता दिसत नाही, आपण दिसतो. ती उजेडात होती आणि मी अंधारात. तिच्यासाठी ती काच नव्हतीच, आरसा होता. आरशाचा कंटाळा यायला तिला किती वेळ लागतो, ते मला ठाऊक होतं. आमच्या घरात एक आहे.

"उजेड," मी म्हणाले. "माझ्या तोंडावर. सगळे टॉर्च."

एकाने फोनचा टॉर्च माझ्याकडे वळवला, मग दुसऱ्याने. "सगळे!" मी ओरडले, आणि मी कधी ओरडत नाही. एकदम इतका उजेड पडला की डोळ्यांत पाणी आलं. मी काचेकडे पाहिलं.

काचेत मी होते. केस विस्कटलेले, नाक लाल, वय झालेली एक बाई. हेटी नव्हती. कंदिलाचा एक पुसट ठिपका तेवढा माझ्या गळ्यापाशी.

तिला मी दिसायला हवी असेन, तर मला ती दिसणार नव्हती.

ती जन्मल्यापासून मी त्या पोरीवरून नजर काढलेली नाही. झोपेत तिची छाती वरखाली होते का, ते बघायला उठते. मॉरीन म्हणतात, पदवीवाल्या आयांना पुस्तकं वाचून भीती लागते. असेल. पण बघत राहिलं की काही होत नाही, अशी माझी एक समजूत होती. आणि आता मी एका आरशाकडे बघून, डोळे ताणून हसत होते.

"डेस, तुम्ही बाजूने बघा. काचेला डोळा लावून, हाताचा आडोसा करून. ती काय करतेय?"

डेस माझ्या कमरेपाशी गुडघ्यावर बसला, काचेच्या कोपऱ्याला कपाळ लावलं. "बघतेय. तुझ्याकडे बघतेय. हसली. हो, हसली! हात हलवतेय."

मी हात हलवला. आरशातल्या बाईनेही.

"मॉरीन," मी मान न वळवता म्हणाले, "तुम्ही गजांच्या दाराशी जा. ती आली की धरा. पण रागावू नका. नावाने हाकही मारू नका. तुमच्या हाकेला ती लपते."



"लपते?" मॉरीन म्हणाल्या.

"तुम्ही ओरडाल असं तिला वाटतं. काहीतरी साधं बोलत बसा. गाणं म्हणा."

"मला गाणं येत नाही."

"मग काहीही. जेवणाचं बोला."

त्या गेल्या. त्यांचे बूट नागमोडी वळणात वाजत गेले. तिथून इथे आवाज नीट पोचत नव्हता, म्हणून निम्मे लोक आपणहून एका ओळीत उभे राहिले. ओळ आम्हाला शिकवावी लागत नाही. कोठारापासून गजांच्या दारापर्यंत एकामागे एक माणसं, प्रत्येकाने मागच्याला सांगायचं.

"मी आता मधल्या काचेपाशी जाते," मी डेसला म्हणाले. "ती माझ्या मागे येईल."

"आणि नाही आली तर?"

 मी आरशातल्या बाईला डोळा मिचकावला, बोटाने तिकडे खूण केली, तोंड मोठं करून म्हणाले, चल. आणि ती काच सोडली.

दोन काचांमध्ये नुसती भिंत आहे. पांढरी, ओली, जाड. तेवढं अंतर मी चालले, टॉर्च माझ्याबरोबर चालले, आणि त्या भिंतीपलीकडे माझी मुलगी एकटी होती. तिच्या काचेतून आई नाहीशी झाली होती. ती डावीकडे वळेल, की उजवीकडे? मूल हरवलेल्या माणसाला कुठे शोधतं? जिथे शेवटचं पाहिलं, त्याच्या पुढे.

मधल्या काचेशी मी वाकले. मीच. पुन्हा मीच. हसणारी.

"डेस?"

तो तिसऱ्या काचेलाच चिकटून होता. "थांब."

"डेस, काय दिसतंय?"

"कंदील उचलला तिने."

"कुठे जातेय?"

"थांब, माझ्या श्वासाने काच धुरकटलीय." बाहीने काच पुसल्याचा आवाज. "मला दिसत नाही. उजेड गेला इथून."

"कुठल्या बाजूला गेला?"

"पोरी, मला दिसलं नाही."

ओळीतून शब्द आला, एका बाईने पुटपुटत दिला, "मॉरीन विचारतायत, आली का?"

"सांगा, बोलत राहा."

"त्या बोलतायत. भाजलेल्या बटाट्यांबद्दल."

मी हसू ढळू दिलं नाही. गाल दुखायला लागले. मी जीभ काढली, नाक वर केलं, हेटीला आवडतो तो डुकराचा चेहरा केला. मागे दहाएक माणसं दिवे धरून उभी, आणि मी भिंतीतल्या काळ्या काचेला डुक्कर करून दाखवतेय. कुणी हसलं नाही. 

माझ्या काचेत काही आलं नाही. अजून नाही. मी मोजत नव्हते. मोजायची हिंमत नव्हती.

मग आरशातल्या बाईच्या हनुवटीखाली एक पिवळा ठिपका उगवला.

"आली," डेस मधल्या काचेकडे धावत येऊन म्हणाला. त्याने कपाळ लावलं. "आली गं, आली. नाक चिकटवलंय काचेला. ती पण डुक्कर करतेय."

मला रडता येत नव्हतं. रडणारा चेहरा बघून ती घाबरली असती. मी पुढची खूण केली, पहिल्या काचेकडे निघाले. या वेळी भिंत लहान वाटली, किंवा मी पळाले. ठिपका जवळजवळ माझ्याबरोबरच आला. मग मी दाराच्या दिशेने हात दाखवला. तिकडे. तिकडे बघ. आजी.

"वळली," डेस म्हणाला. "उजेड जातोय. गेली कोपऱ्यावरून."

मी हलले नाही. ती परत फिरली तर मी तिथे दिसायला हवी होते. टॉर्च तसेच. मी त्या बाईकडे बघत राहिले, ती माझ्याकडे. ओळीतून काहीतरी येत होतं, तोंडोतोंडी, पण मला वाटलं, पुन्हा बटाटे.

"अहो ताई," मागची बाई माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली. "सापडली म्हणतायत. ऐकू आलं ना? सापडली."

"कोण म्हणतं?"

"पुढचे म्हणतायत."

"त्यांना कुणी सांगितलं?"

एकेक करून टॉर्च खाली झाले. काच पुन्हा काळी पडली आणि तिच्यात उजेड नव्हता, कसलाच. मी ओळीच्या कडेने पळाले, "माफ करा, माफ करा" म्हणत, वळणावर खांदा आपटत. बाहेरच्या दिव्याखाली मॉरीन ओल्या फरशीवर बसल्या होत्या, त्यांच्या चांगल्या कोटात, एक हात अजून गजांमध्ये अडकलेला. हेटी त्यांच्या मांडीवर, टोपीवर जळमटं.

"पण वाटाणे नकोत," हेटी सांगत होती. "बटाटे दोन. नाही, तीन."

"तीन," मॉरीन म्हणाल्या. "सगळे तुझे." त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

हेटीने माझ्याकडे पाहिलं. "आई, आता दिसतं का तुला तिथे? मी दिवा ठेवला होता."

"दिसतं," मी म्हणाले, आणि तिच्या टोपीवरची जळमटं काढायला खाली बसले.

फिलिपा किल्ली घेऊन आली, तोवर वर बराकीत हेटीचा केक खाऊन झाला होता. ती स्वतःच्या आईबरोबरच्या जेवणावरूनच उठून आली होती, गळ्यात मोत्यांची माळ, पायांत चिखलाचे बूट. डेसने खांद्यावर दोन जाड फळ्या घेतल्या होत्या. विहीर आत्ता, या घटकेला झाकायची, मंडळ गेलं उडत, असं तो म्हणाला. फिलिपाने एवढंच बजावलं की वटवाघळं जागी होऊ नयेत म्हणून आत लाल दिवाच लावायचा.

"मी येते," मी म्हणाले.

"कशाला?" डेस म्हणाला. "झालं ते झालं. नको बघूस, पोरी."

मी त्याच्या मागून गेले.

बोळ इतका अरुंद, की अंग तिरकं करून जावं लागलं. खाली चुन्याची मऊ पूड साचलेली, पिठासारखी. त्यात तिच्या बुटांचे ठसे होते, स्पष्ट, चांदण्यांची नक्षी असलेले. पहिल्या काचेपाशी, दुसऱ्या काचेपाशी. तिसऱ्या काचेपाशी खूप, एकात एक. मी तिथे थांबले असते तर चाललं असतं.

तिसऱ्या काचेच्या पुढेही ठसे होते. लाल उजेडात विटांची एक कड दिसत होती आणि तिच्यापुढे काही नाही, नुसता खालून येणारा गार वारा. ठसे कडेपर्यंत गेले होते. तिथे दोन्ही पाय जोडून, बोटं विहिरीकडे. मग वळलेले.

मी दिसायच्या आधी ती तिथे जाऊन आली होती, की मी काच सोडून निघाले तेव्हा मला शोधायला गेली होती, ते ठशांवरून कळत नव्हतं. मी वाकून पुन्हा पुन्हा बघितलं.  डेसने फळ्या सरकवून कडेवर बसवल्या, वर दगड ठेवले, मग बुटाने पूड ढकलून पुढचे ठसे बुजवले.

बाहेर मॉरीन दाराशीच उभ्या होत्या. कोटाच्या मागे ओला डाग. हेटीला फिलिपाने वटवाघळाचं चित्र काढून दिलं होतं, ते ती जिन्यावर बसून रंगवत होती.

"काय होतं गं आत?" त्यांनी विचारलं.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर मी सगळं सांगते, हे त्यांना माहीत होतं. कुठला जिना, कुठला कुत्रा, कुठे कडा, काय होता होता राहिलं. त्या कंटाळून ऐकायच्या. आता कंटाळलेल्या नव्हत्या. दोन्ही हातांनी पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या.

"धूळ," मी म्हणाले. "नुसती धूळ."

"तिसऱ्या काचेच्या पुढे नव्हती ना गेली?"

"नाही."

त्या अजून बघत होत्या. मग त्यांनी मान हलवली, एकदा, सावकाश, आणि हेटीच्या शेजारी पायरीवर जाऊन बसल्या.